उबदार पाणी, गोठलेलं गवत

जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत सातपुड्यावरच्या तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी मुक्काम केला, तर पहाटे एक अजब गोष्ट अनुभवायला मिळते. तंबूच्या कापडावरचं दव कडक झालेलं असतं, नखाने खरवडलं तर पांढरा चुरा निघतो. काठावरच्या वाळल्या गवताच्या काडीकाडीवर तोच पांढरा थर बसलेला असतो. श्वास सोडला की तोंडासमोर वाफ दिसते. आणि अशा गारठ्यात तलावात हात बुडवला तर पाणी चक्क उबदार लागतं. खाली तापीखोऱ्यातल्या दोंडाईच्याहून माणसं घेऊन वर येणारे गाडीवाले शेकोटीपाशी कुडकुडणाऱ्यांना हेच सांगतात, "पानीम्हा हात घाली दख, गरम शे!"

गवत, हवा आणि पाणी. तिघं एकाच आकाशाखाली, एकमेकांपासून हातभर अंतरावर. रात्र तिघांनी बरोबरच काढली. मग एक गोठलं, दुसरी गारठली आणि तिसरं कोमट राहिलं, हे कसं? तलावाकाठच्या रात्रीत जे जे घडतं, म्हणजे दिवस मावळल्यावर डोंगराकडून येणारी झुळूक, पाण्यावरून उठणारी वाफ, दूरचा आवाज अगदी कानाशी येणं, त्यातलं बहुतेक सगळं या एका प्रश्नाच्या पोटात आहे.

दोंडाईचा परिसरातल्या माणसाला तोरणमाळ म्हणजे उंबऱ्याबाहेरचंच ठिकाण. सारंगखेड्याला तापी ओलांडायची, शहाद्याला चहा घ्यायचा, आणि सपाट शेतांमधून उत्तरेकडे सरळ सातपुड्याच्या अंगावर जायचं. काळापाणी गाव मागे पडलं की घाट लागतो, त्याला सात पायरी घाट म्हणतात. सारा प्रवास शंभर किलोमीटरच्या आतला. पण या शंभर किलोमीटरांत माणूस जवळजवळ एक किलोमीटर उभा वर चढतो. तापीखोऱ्याची जमीन समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, आणि तोरणमाळचं पठार सुमारे साडेअकराशे मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हा हवामानशास्त्रातला साधा आडाखा. म्हणजे दुपारी दोंडाईच्यात २८ अंश असतील तर वर बावीस-तेवीस. थंड हवेचं ठिकाण म्हणून तोरणमाळचं नाव घेतात, ते या उंचीमुळे. 

पण नुसत्या उंचीने कोडं सुटत नाही. थंडीची लाट आली की धुळ्याचा पारा ५-६ अंशांवर उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि धुळं काही डोंगरावर नाही. थंडीचा एक भाग उंची देते. दुसरा, जास्त नवलाचा भाग रात्र स्वतः तयार करते, आणि त्यासाठी तिला हवी असते ती कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि खोलगट जागा.

खोलगट जागा तोरणमाळला कुठून आली, ते आधी पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेला. दख्खनचं पठार घडलं ते असं. त्या भेगांच्या खुणा पाहायला सातपुड्यावर चढायचीही गरज नाही. दोंडाईच्याहून नंदुरबारकडे निघालं की शेतांमधून सरळ रेषेत पळणाऱ्या काळ्या दगडांच्या अरुंद, लांबलचक टेकड्या दिसतात. भेगेत भरलेला लाव्हा तिथेच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि टणक भाग उभा राहिला. भूशास्त्रज्ञ त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा डाइकांची दाटी आहे, बहुतेक सगळ्या साधारण पूर्व-पश्चिम, तापीला समांतर. शाळेच्या वाटेवर रोज दिसणारी ती टेकडी म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या आगीचा साचा आहे, हे कळलं की तिच्याकडे पुन्हा पूर्वीसारखं पाहताच येत नाही. पुढे कवच ताणलं गेलं, नर्मदेचा आणि तापीचा असे दोन पट्टे खाली खचले, त्यांच्या मधला ठोकळा उंच राहिला. तो सातपुडा. म्हणून तर या दोन नद्या देशातल्या बहुतेक मोठ्या नद्यांची दिशा सोडून पश्चिमेला वाहतात.

लाव्हाचे थर आडवे, म्हणून वरचा भाग सपाट. त्या सपाटीवर झिजेने टेकड्या आणि त्यांच्यामधले खोलगट भाग तयार झाले. लाव्हाचा हा काळा खडक, बेसाल्ट, झिजला की चिकण काळी-तांबडी माती होते आणि ती पाणी लवकर झिरपू देत नाही. खाली शिंदखेडा तालुका अवर्षणाशी झुंजत असतो, पण सातपुड्याचा माथा पावसाळी ढगांना अडवून त्याहून बराच जास्त पाऊस घेतो. पठारावरचं पाणी वाट काढत कड्यांकडे धावतं आणि पावसाळ्यात सीताखाईच्या दरीत कोसळतं. काही पाणी खोलगटात अडून राहतं. यशवंत तलाव आणि कमळांचा तलाव ही त्याचीच रूपं. तलाव मध्ये, भोवती उतार, उतारावर झाडं. थंडीला एवढं पुरतं.

आता दिवस मावळतीच्या वेळेला काठावर बसून राहावं. सूर्य टेकडीआड गेला की अर्ध्या तासात अंगावर काटा येतो. वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखं होतं, आणि मग पाठीमागून, डोंगराच्या बाजूने, अगदी हलकी गार झुळूक येते. ती डोळ्यांनी पाहायची असेल तर चुलीच्या धुराकडे पाहावं. दिवसभर इकडेतिकडे भरकटणारा धूर आता उताराकडून तलावाकडे वळतो. थोडा वर चढतो, झाडांच्या शेंड्यांपर्यंत जातो आणि तिथे अडून आडवा पसरतो. खानदेशात थंडीच्या संध्याकाळी गावावर धुराचा असा सपाट थर पसरलेला कुणी पाहिला नसेल? तो थर म्हणजे थंड हवेचा वरचा काठ आहे.

होतं असं. जमीन, गवत, पानं, कौलं, आपलं अंग, साऱ्या वस्तू सतत उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असतात. दिवसा सूर्याकडून येणारी उष्णता त्याहून जास्त असते म्हणून ते जाणवत नाही. रात्री ती आवक बंद होते, जावक चालूच राहते. आकाशात ढग असतील तर ते बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात. पण जानेवारीच्या कोरड्या, निरभ्र रात्री वर अडवायला फारसं काही नसतं. दर चौरस मीटर जमीन सेकंदाला साधारण ८० ते १०० ज्यूल उष्णता गमावत राहते, रात्रभर. जमिनीला टेकलेली हवा त्यामुळे गार होते. गार हवा जड. ती उतारावरून घसरत खाली येते आणि खोलगटात साचते. सगळ्या टेकड्यांची थंडी गोळा होऊन तलावाच्या काठाशी येऊन थांबते. त्यामुळे नेहमीचा नियम इथे रात्रीपुरता उलटतो, वर जावं तसं गार होण्याऐवजी काही उंचीपर्यंत वर जावं तसं उबदार होतं. काठावरून उठून पन्नास-साठ पावलं टेकडीवर चढलं की हा फरक गालाला कळतो. पुस्तकात वाचलेलं हवेचं वर्तन असं चालत जाऊन तपासता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गवताचे मात्र आणखी हाल होतात. गवताची काडी बारीक, तिच्यात साठवलेली उष्णता नगण्य, आणि वरचं सगळं आकाश तिला उघडं. ती भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते. छातीच्या उंचीवरचा तापमापक ४ अंश दाखवत असतो तेव्हा जमिनीलगतची काडी शून्याखाली गेलेली असू शकते. सातपुड्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तोरणमाळहून, पलीकडे डाब-वालंब्याहून अधूनमधून येतात आणि पुण्या-मुंबईच्या लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, कारण त्याच बातमीत पारा शून्याच्या वर असल्याचं लिहिलेलं असतं. दोन्ही खरं असतं. पारा हवेचा असतो, गोठतं ते गवतावरचं पाणी. खाली दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्यांना हे न शिकवता ठाऊक आहे. उघड्यावर पसरलेल्या लाल मिरचीवर दव पडलं की माल खराब होतो, आणि ज्या रात्री ढग असतात त्या रात्री दव कमी पडतं. झाडाखालच्या मिरचीवर तर आणखी कमी, कारण तिला आकाश दिसत नाही, झाड दिसतं.

इथवर गवत आणि हवा झाली. आता पाणी.

चूल विझली की तवा बघता बघता गार पडतो, पण शेजारच्या हंड्यातलं पाणी पुढचे कितीतरी तास कोमट राहतं. तलावाचं रहस्य तेच, फक्त माप फार मोठं. एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात तीन-साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापते. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मी दोनदा तपासून पाहिला होता. दिवाणखान्याएवढ्या खोलीत साधारण पन्नास घनमीटर हवा मावते. म्हणजे जेमतेम दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल एवढ्या पाण्यात साठ-सत्तर खोल्यांची ऊब असते.

याचा साधा हिशेब मांडून बघा. गवताने रात्रभरात जेवढी उष्णता गमावली तेवढीच, शिवाय बाष्पीभवनात आणखी तेवढीच, तलावाच्या दर चौरस मीटरने गमावली असं धरू. वरचं पाच मीटर पाणी जरी त्यात सामील असलं तरी बारा तासांत त्याचं तापमान अर्ध्या अंशानेसुद्धा उतरत नाही. गवत दहा-पंधरा अंश खाली आलेलं असताना पाणी जागच्या जागी. तलावाच्या लेखी एक रात्र ही फार छोटी गोष्ट आहे. तो दिवसांनी नाही, ऋतूंनी थंड होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पाण्यात ऑक्टोबरच्या उन्हाचा काही हिस्सा अजून शिल्लक असतो.

पाच मीटर पाणी सामील कसं होतं, हेही मोठं सुरेख आहे. पृष्ठभागावरचं पाणी आकाशाला उष्णता देऊन किंचित गार होतं. गार पाणी जड, ते खाली बुडतं. त्याची जागा घ्यायला खालचं उबदार पाणी वर येतं. ते गार होतं, बुडतं, पुन्हा नवं वर. काठावरून पाहणाऱ्याला तलाव निश्चल झोपलेला दिसतो, पण आत रात्रभर वरखाली ये-जा चालू असते, कुठलाही वारा नसताना. गवताला अशी सोय नाही, त्याच्या खाली वर यायला कुणी नसतं. या ढवळण्याने आणखी एक काम होतं. उन्हाळ्यात तापलेलं हलकं पाणी वर तरंगतं आणि खोल तलावांमध्ये तळाच्या गार थराशी त्याचा संबंध तुटतो, तळाला प्राणवायू मिळेनासा होतो. हिवाळ्याच्या रात्री तो संबंध पुन्हा जोडून देतात, वरचा प्राणवायू तळापर्यंत पोचतो. तळ्याच्या या अंतरंगाचा अभ्यास करण्याचं शास्त्र स्वित्झर्लंडच्या फोरेलने जिनिव्हाच्या सरोवरावर आयुष्य खर्च करून उभं केलं. त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १८९२ पासून पुढे प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या डोंगरी तलावांवर कुणी असं आयुष्य वाहून घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे.

हाताला पाणी 'गरम' का लागतं, याचं उत्तर मात्र निम्मं पाण्यात आणि निम्मं हातात आहे. पाणी सोळा-सतरा अंशांचं असलं तरी त्याच पाण्याने दुपारी अंघोळ केली तर दातावर दात वाजतील. पहाटे आपल्या बोटांची कातडी गारठून पाण्यापेक्षा थंड झालेली असते. त्वचेला तापमान मोजता येत नाही, उष्णता येते आहे की जाते आहे एवढंच कळतं. पहाटे ती पाण्यातून हातात येते. म्हणून गाडीवाल्याचं म्हणणं अगदी बरोबर.

उजाडायच्या सुमाराला तलाव धुरकट होतो. हे नेहमीचं, सगळीकडे सारखं पसरणारं धुकं नव्हे. पाण्यावरून वाफेचे झोत उठतात, वळतात, काही हात वर जाऊन विरतात, त्यांच्या शेजारी दुसरे उठतात. या वाफेचा हिशेबही गमतीचा आहे. पाण्याला टेकलेली हवा १५ अंशांची समजा. तिच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १२.८ ग्रॅम बाष्प मावतं. उतारावरून आलेली हवा ५ अंशांची, तिच्यात ६.८ ग्रॅम. दोन्ही आपापल्या परीने पूर्ण भरलेल्या, पण दोन्ही स्वच्छ, पारदर्शक. आता त्या निम्म्या-निम्म्या मिसळल्या. तापमान झालं १० अंश, बाष्प झालं ९.८ ग्रॅम. पण १० अंशांच्या हवेत मावतात ९.४ ग्रॅमच. उरलेल्या ०.४ ग्रॅमला जागा नाही, त्याचे लाखो सूक्ष्म थेंब होतात आणि आपल्याला ते पांढरे दिसतात. दोन निरभ्र हवा एकत्र येतात आणि त्यांच्या भेटीतून ढग जन्माला येतो! हवा तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सरळ रेषेत वाढत नाही, वाढत्या वेगाने वाढते, म्हणून हे घडतं. आपल्या श्वासाची वाफ दिसते तीही याच कारणाने.

त्या झोतांची दिशा न्याहाळली तर ते काठाकडून मध्याकडे सरकताना दिसतात. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. दोंडाईच्याच्या पोराला समुद्र दोनशे किलोमीटरवर, ते वारे परीक्षेपुरतेच राहिले. तोरणमाळच्या तलावावर त्यातला मतलई वारा आपल्या आकारमानाने लहान होऊन वाहतो. पाणी उबदार, जमीन गार, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे. नियम समुद्राला लागू तोच या चिमुकल्या पाण्याला लागू.

आवाजाचंही यातच येतं. रात्री पलीकडच्या पाड्यावर कुणी खोकलं, भांडं पडलं, कुत्रं भुंकलं तर ते जवळ घडल्यासारखं ऐकू येतं. शांतता हे एक कारण. पण दुसरं कारण हवेच्या थरांत आहे. थंड हवेत आवाज थोडा हळू चालतो, उबदार हवेत वेगाने. दिवसा जमिनीलगत हवा तापलेली असते, तेव्हा आवाजाची लाट वरच्या बाजूला वाकते आणि डोक्यावरून निघून जाते. रात्री खोलगटात गार हवा साचली की वरचा भाग उबदार, तेव्हा तीच लाट खाली वाकते आणि लांबच्या माणसाच्या कानाशी येते. रातव्याचा ठोकल्यासारखा 'चक्-चक्-चक्' आवाज नेमका कुठून येतो ते त्यामुळे ओळखताच येत नाही, पक्षी पन्नास मीटरवर आहे की पाचशे, अंदाज फसतो.

आकाशाबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याने त्याने पाठ टेकून पाहावं. तोरणमाळ जवळजवळ २२ अक्षांशावर, म्हणून ध्रुव तारा क्षितिजापासून बावीस अंशांवर, उत्तरेच्या टेकडीच्या थोडा वर. जानेवारीत मृग आणि व्याध रात्रीच्या पहिल्या प्रहरात चांगले वर येतात. फक्त एक गोष्ट सांगतो, ती पाण्याची आहे. सरळ खाली पाहिलं तर पाणी त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम शंभरात दोन भाग परत पाठवतं, म्हणून पायाशी डोक्यावरच्या ताऱ्यांचं प्रतिबिंब शोधू नये, मिळत नाही. पण अगदी तिरक्या नजरेने, दूरच्या पाण्याकडे पाहिलं तर हेच प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवर आणि त्याच्याही पुढे जातं. व्याध नुकता उगवून टेकडीच्या वर आलेला असेल आणि पाणी स्थिर असेल, तर तलावात तो लखलखताना दिसतो. काठावर उभं न राहता खाली वाकून, डोळे पाण्याच्या पातळीजवळ आणून पाहावं.

तलावाकाठी उघड्यावर झोपण्याची तोरणमाळला जुनी रीत आहे. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेला महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून हजारो माणसं वर येतात, कित्येक पायी, आणि पठारावर मिळेल तिथे अंथरूण टाकतात. त्या दिवसांत शांतता शोधायला जाऊ नये, जायचं तर यात्रेसाठीच जावं. एरवी वर राहायला विश्रामगृहं आहेत. तंबू ठोकायचा असेल तर जंगल राखीव आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय ठोकू नये, आणि गावातल्या माणसाला बरोबर घ्यावं. बिबट्या आणि अस्वल यांचा हा मुलूख आहे.

आणि आता थंडीचा मार्ग कळला आहे, तर तंबूची जागाही शहाणपणाने निवडता येते. माणसं हटकून पाण्याला चिकटून, सर्वांत खालच्या सपाटीवर तंबू लावतात, कारण तिथून तलाव छान दिसतो. टेकड्यांवरून घसरलेली सगळी गार हवा नेमकी तिथेच येऊन बसते. त्यापेक्षा उतारावर थोडं वर, एखाद्या डेरेदार झाडाखाली जागा घ्यावी. झाड आकाश झाकतं, दव अडवतं, उष्णता धरून ठेवतं, आणि तलाव तिथूनही दिसतो. अंगाखाली जाड सतरंजी किंवा पेंढा हवाच, कारण पांघरूण कितीही घेतलं तरी पाठीखालची जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. तंबूची खिडकी पूर्ण बंद करण्याचा मोह फार होतो, पण एक माणूस झोपेत रात्रभरात पेलाभर तरी पाणी श्वासातून बाहेर टाकतो. चौघांच्या तंबूत ते चार पेले होतात, गार कापडावर जमतात आणि पहाटे तोंडावर ठिबकतात. वरची जाळी बोटभर उघडी ठेवली की हे टळतं. शेकोटी पेटवायची तर ठरलेल्या जागीच आणि मोकळ्या जमिनीवर, कारण वाळल्या गवतावर उडालेली एक ठिणगी अख्खी टेकडी जाळते. जेवणाला दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून नेला की निम्मं काम झालं.

ऊन टेकडीवरून खाली उतरायला वेळ लागतो. ते पाण्याला लागलं की वाफेचे झोत पाहता पाहता विरतात, आणि गवतावरचा पांढरा थर पाघळून पुन्हा दव होतं. रात्रीची थंडी सोसलेला एक लहानसा जीव याच वेळेला सातपुड्यात उघड्यावर येतो, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय या डोंगराबद्दलचं काहीच पुरं होत नाही. तो म्हणजे रानपिंगळा.

घराच्या वळचणीला राहणारा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. रानपिंगळा त्याचा जंगलातला नातेवाईक, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद पट्टे, पाय दणकट. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळवला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून ब्लेविटचंच नाव दिलं. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसला नाही. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या पक्षिसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण एक मिळवल्याचा दावा केला, आणि पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेऊनही हाती काही लागलं नाही. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रॅसमुसेन यांनी माइनर्ट्झहागेनचा तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उलगडलं की तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुनाच होता, पिसं नव्याने बसवून खोट्या चिठ्ठीसह पुन्हा मांडलेला. म्हणजे मांडवीची खूण खोटी, खऱ्या खुणा डेव्हिडसनच्या. मग रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या जागांच्या मागावर निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, उघड्या फांदीवर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

तो इतकी वर्षं कुठे लपला होता? कुठेच नाही. घुबड म्हटलं की रात्रीचा पक्षी असं वाटतं, आणि हा मुख्यतः दिवसा वावरणारा. पायथ्याच्या पाड्यांवरच्या गुराख्यांच्या नजरेसमोरून तो पिढ्यान् पिढ्या उडत असणार. हिवाळ्यात सकाळी तो पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर उन्हात बराच वेळ बसून राहतो. मूठभर अंगाच्या पक्ष्याला रात्रभर गमावलेली ऊब परत मिळवायची असते, आणि ती उन्हातून फुकट मिळत असेल तर तेवढी शिकार वाचते. मेळघाट, यावल आणि ठाण्याकडचं तानसा इथेही पुढे तो सापडला, तरी एकूण संख्या अगदी थोडी आहे. त्याला हवं असतं ते विरळ, मोठ्या सागाचं, ढोली असलेलं जंगल, आणि तेच सर्वांत आधी तुटतं.

तोरणमाळहून परतताना म्हणून घाई करू नये. घाट उतरून काळापाणीच्या पुढे जंगल विरळ होत जातं. तिथे नऊ-दहाच्या उन्हात गाडी बाजूला लावावी, इंजिन बंद करावं, आणि सागाच्या निष्पर्ण शेंड्यांवर दुर्बिणीने एकेक फांदी पाहत जावी.